'आपला' चित्रपट, 'आपला' प्रेक्षक : फ्रेमलाइन महोत्सवातील तीन वाद

सॅन फ्रान्सिस्को येथे दरवर्षी जूनमध्ये भरणारा आणि 'फ्रेमलाइन' या आयोजक संस्थेच्या नावानेच ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय एलजीबीटीक्यू चित्रपटमहोत्सव हा जगातील अशा महोत्सवांत सर्वांत जुना मानला जातो. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्याचा आरंभ झाला, तेव्हा मात्र त्याला महोत्सव म्हणावे की मित्रमेळा, असा प्रश्न पडावा. काही तरुणांनी स्वतःच चित्रित केलेल्या सुपर-८ फिती पेज स्ट्रीटवरील एका समाजकेंद्रात विनामूल्य दाखवल्या, एवढेच त्याचे स्वरूप होते. या मंडळींचा राबता हार्वे मिल्क यांच्या कॅस्ट्रो स्ट्रीटवरील कॅमेऱ्याच्या दुकानात असे. चित्रपट करणारे आणि पाहणारे एकाच गल्लीतले होते.

अशा महोत्सवांचा इतिहास बहुधा बाहेरून झालेल्या विरोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. धर्ममार्तंड, सेन्सॉर, अनुदान रोखणारे राजकारणी ही त्यातील ठरलेली पात्रे होत. तो विरोध खोटा नव्हे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने त्यातून फारसे काही हाती लागत नाही, कारण विरोधकाने चित्रपट पाहिलेलाच नसतो. फ्रेमलाइनच्या इतिहासातील खरे अर्थपूर्ण वाद घरातले आहेत. १९७७ मध्ये महोत्सवाच्या नावात केवळ 'गे' हा शब्द होता. पुढे 'लेस्बियन' आला, मग इतर अक्षरे आली. या प्रत्येक भरतीबरोबर 'आपला प्रेक्षक' म्हणजे कोण, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

तो सर्वांत उग्र रूपात प्रकटला १९८६ मध्ये, रॉक्सी चित्रपटगृहात. स्त्री-समलिंगी लघुपटांच्या खेळात कॅनडातील दिग्दर्शिका मिडी ओनोडेरा यांचा 'टेन सेंट्स अ डान्स (पॅरॅलॅक्स)' (१९८५) हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट दाखवण्यात आला. त्याचा पडदा आरंभापासून दुभंगलेला आहे. पहिल्या भागात दोन स्त्रिया उपाहारगृहातील टेबलाशी बसून आपल्यातील आकर्षणाविषयी अडखळत बोलतात. त्यांतील एक स्वतः ओनोडेरा. दुसऱ्या भागात सार्वजनिक स्वच्छतागृहातील दोन अनोळखी पुरुषांचा शरीरसंबंध आहे. तिसऱ्यात एक पुरुष आणि एक स्त्री दूरध्वनीवरून कामुक संभाषण करतात. दुसरा भाग सुरू होताच प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला, स्त्रिया उठून बाहेर पडल्या, तिकिटाचे पैसे परत मागू लागल्या. महोत्सवाच्या स्मृतीत हा प्रसंग 'लेस्बियन दंगल' या काहीशा थट्टेच्या नावाने राहिला.

त्या प्रेक्षकांना अरसिक ठरवणे सोपे आहे, आणि तसे ठरवलेही गेले. पण त्यांच्या हाती पडलेल्या कार्यक्रमपत्रिकेचा विचार करावा. खेळाचे शीर्षक हा वाचनाचा एक करारच असतो. पुरुषांच्या कामुकतेच्या चित्रांची महोत्सवात वाण नव्हती. स्त्रियांच्या प्रेमाचा पडदा मात्र वर्षाकाठी एखाद्या संध्याकाळी उजळणार. डॉना डाइच यांच्या 'डेझर्ट हार्ट्स'सारखा (१९८५) आशेवर संपणारा कथापट ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. त्या दुर्मिळ संध्याकाळी पुन्हा पुरुषदेहच समोर आला, ही तक्रार केवळ नैतिक नव्हती. ती वाटणीची तक्रार होती.

तरीही चित्रपटाची बाजू उरतेच. निरीक्षकाची जागा बदलली की स्थिर वस्तूही हलल्यासारखी भासते. शीर्षकातील 'पॅरॅलॅक्स'चा अर्थ हाच. ओनोडेरा तीन जोड्या शेजारीशेजारी मांडून सांगतात, की स्त्रियांची इच्छा इतर इच्छांपासून तोडून पाहता येत नाही. म्हणजे ज्या वर्गीकरणाखाली चित्रपट दाखवला गेला, त्या वर्गीकरणालाच त्याचा आक्षेप होता. आपल्या काव्यशास्त्राने 'सहृदय' मानला तो संस्कारित आणि कवीशी समानहृदय. रॉक्सीतील प्रेक्षकवर्ग या व्याख्येत चपखल बसणारा होता, आणि नेमका तोच बिथरला. दलित साहित्याच्या चर्चेत जगलेल्या अनुभवाला प्रामाण्य देताना आपल्याकडेही हा पेच जाणवला होता : समान अनुभवामुळे समान आस्वाद येईलच, याची हमी कोण देणार?

२००७ मधील वाद वरकरणी याच जातीचा दिसतो. कॅथरीन क्राउच यांच्या 'द जेंडरकेटर' या लघुपटात सत्तरच्या दशकात झोपी गेलेली एक स्त्री भविष्यात जागी होते; तेथे पुरुषी वळणाच्या स्त्रीला शस्त्रक्रियेने पुरुष केले जाते. आपले शरीर बदलू पाहणाऱ्या तरुण स्त्रियांविषयीची चिंता दिग्दर्शिकेने निवेदनातही मांडली होती. पारलिंगी कार्यकर्त्यांनी या चित्रपटाला द्वेषमूलक म्हटले, स्वाक्षऱ्यांचे निवेदन दिले, आणि फ्रेमलाइनने जाहीर झालेला चित्रपट कार्यक्रमातून काढला. ज्यांच्या अस्तित्वालाच भयकथा ठरवले जाते त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. महोत्सवाच्या नावात त्यांचे अक्षर समाविष्ट झाल्यावर तो ऐकणे आयोजकांना भागच होते. परंतु १९८६ चा प्रेक्षक भांडला तो समोर चाललेल्या चित्रपटाशी. २००७ मध्ये चित्रपटाऐवजी त्याचा गोषवारा आणि निवेदन यांचाच निवाडा झाला. माझ्या मते समीक्षेची हानी या दुसऱ्या प्रसंगी अधिक झाली.

त्याच वर्षी वाद चित्रपटाबाहेरही सरकला. महोत्सवाने इस्रायली वाणिज्य दूतावासाचे साहाय्य स्वीकारले, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतीलच क्विअर गटांनी निदर्शने आरंभली आणि ती पुढील वर्षांतही चालू राहिली. समलिंगींविषयीच्या औदार्याचा देखावा करून पॅलेस्टाइनवरील ताबा झाकला जातो, हा त्यांचा आरोप. 'पिंकवॉशिंग' हा शब्द त्यासाठी पुढे रूढ झाला. आक्षेप एखाद्या चित्रपटावर नव्हता. तो कार्यक्रमपत्रिकेवरील प्रायोजकाच्या नावावर होता. झेरार झनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ मध्ये ग्रंथाच्या उंबरठ्यांचा, म्हणजे शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना यांचा विचार मांडला. प्रायोजकाचे बोधचिन्ह हाही असाच एक उंबरठा मानावा लागेल. कॅनडाचे जॉन ग्रेसन यांनी २००९ मध्ये आपला 'फिग ट्रीज' तेल अवीवच्या समलिंगी चित्रपटमहोत्सवातून स्वतःच मागे घेतला, तेव्हा याच युक्तिवादाचे दुसरे टोक दिसले. तेथे चित्रपट कोणी पाहिला नाही तो प्रेक्षकाच्या रागामुळे नव्हे, आयोजकांच्या माघारीमुळेही नव्हे. कर्त्यानेच तो त्या पडद्याला नाकारला होता.