ग्रंथकर्ता कोण? : तिबेटी विद्येचे परदेशी विद्यार्थी आणि त्यांचे गुरू

१८३४ मध्ये कलकत्त्यात एक तिबेटी–इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर दोन नावे आहेत. कोशकार म्हणून ट्रान्सिल्व्हेनियातील हंगेरियन अभ्यासक अलेक्झांडर चोमा द कोरोश यांचे, आणि ज्यांच्या साहाय्याने कोश सिद्ध झाला ते झांस्कारचे विद्वान लामा सांग्ये फुन्छोग यांचे. पुढे पाश्चात्त्य तिबेटविद्येच्या इतिहासात पहिले नाव ‘जनक’ या बिरुदासह स्थिरावले. दुसरे बहुधा तळटीपेत गेले. हे विस्मरण केवळ योगायोगाचे आहे, की ‘ग्रंथकर्ता’ या आपल्या संकल्पनेतच त्याचे मूळ आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

चोमा १८१९ मध्ये मायदेशातून निघाले ते बौद्ध धर्माच्या ओढीने नव्हे. मग्यार लोकांचे मूळ मध्य आशियात सापडेल अशी त्यांची धारणा होती. बुखारा, काबूल, लाहोर असा प्रवास करून ते १८२२ मध्ये लेहला पोहोचले. पुढे यार्कंदकडे जाणे शक्य झाले नाही. परतीच्या वाटेवर त्यांना विल्यम मूरक्रॉफ्ट भेटले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील या गृहस्थांना तिबेटी भाषेच्या ज्ञानाचे व्यापारी आणि राजकीय मोल नेमके कळत होते. त्यांनी चोमांना तिबेटी शिकण्यास प्रवृत्त केले, पैसे दिले, शिफारसपत्रे दिली. भाषेची पहिली ओळख फारसीच्या माध्यमातून झाली. १८२३च्या जूनपासून १८२४च्या ऑक्टोबरपर्यंत चोमा झांस्कारमधील झांगला येथे सांग्ये फुन्छोग यांच्यापाशी शिकत होते. पुढे फुग्तालच्या मठात आणि १८२७ ते १८३० या काळात किन्नौरमधील कानम येथे हे अध्ययन चालू राहिले. कंपनीकडून मिळणाऱ्या मासिक पन्नास रुपयांतील मोठा वाटा ते लामांना देत असत.

एवढ्या तपशिलावरून सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एडवर्ड सैद यांच्या १९७८च्या ग्रंथानंतर प्राच्यविद्येकडे सत्ताव्यवहार म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याला लाभली आहे, आणि मूरक्रॉफ्ट व कंपनीचा पैसा यांच्याकडे पाहता ती येथे पूर्णपणे लागू पडते. पैसा कंपनीचा, छपाई कंपनीच्या राजधानीतील, आणि नाव युरोपीय पंडिताचे. परंतु या चौकटीत एक गोष्ट बसत नाही. झांगलाच्या त्या थंड खोलीत चोमा हे ज्ञानाचे स्वामी नव्हते. कोणता ग्रंथ आधी वाचावयाचा, कोणता शब्द कोणत्या शास्त्राचा, कंजूर–तंजूरच्या संग्रहात कोणता विषय कोठे येतो, हे ठरविणारी बुद्धी गुरूची होती.

हे अनुमान नव्हे. त्याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. चोमांच्या प्रश्नांना उत्तरे म्हणून सांग्ये फुन्छोग आणि अन्य लामांनी तिबेटीत लहानमोठे ग्रंथ रचले. ही हस्तलिखिते आज बुडापेस्टमध्ये हंगेरियन विज्ञान अकादमीच्या संग्रहात आहेत. त्यांना सामान्यतः चोमांच्या नावाने ओळखले जाते. वस्तुतः त्यांचे लेखक लामा आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. प्रश्नोत्तर हा तिबेटी परंपरेतील एक प्रस्थापित वाङ्मयप्रकार आहे, आणि या ग्रंथांत परदेशी विद्यार्थी त्या प्रकारातील प्रश्नकर्त्याच्या जागी येतो. बौद्ध वाङ्मयात ही जागा जुनी आहे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये ग्रीक राजा प्रश्न विचारतो आणि नागसेन उत्तरे देतात. तेथे ग्रंथाला नाव प्रश्नकर्त्याचे मिळाले, परंतु प्रामाण्य उत्तरदात्याचेच राहिले.

म्हणजे एकाच अध्ययनप्रसंगातून दोन संहिता जन्मास आल्या. तिबेटी संहितेत गुरू हा कर्ता आणि शिष्य हे निमित्त. इंग्रजी संहितेत शिष्य हा कर्ता आणि गुरू हा साहाय्यक. ज्ञान तेच, परंतु वाङ्मयप्रकार बदलताच कर्तृत्वाची अदलाबदल झाली. इतिहासाने यांतील एकच संहिता वाचली.

तिबेटी परंपरेत याला तिसरा पर्यायही होता. दहाव्या–अकराव्या शतकांत, रिन्छेन झांग्पो आणि पुढे अतीश यांच्या काळात, संस्कृत ग्रंथांची जी भाषांतरे झाली त्यांच्या पुष्पिकांत बहुधा दोन नावे येतात : भारतीय उपाध्यायाचे आणि तिबेटी लोचावाचे, म्हणजे भाषांतरकाराचे. एकाला ग्रंथ अवगत, दुसऱ्याला भाषा. दोघांवाचून भाषांतर नाही, ही जाणीव त्या पुष्पिकांच्या रचनेतच आहे. कंजूरचे विश्लेषण करताना चोमांनी अशा पुष्पिका बारकाईने पाहिल्या होत्या. १८३४चे शीर्षकपृष्ठ त्यांच्या प्रभावाने घडले असे सिद्ध करता येणार नाही. परंतु ते तशा पुष्पिकेसारखे वाचता येते, आणि तसे वाचले तर ‘जनक’ या एकवचनी बिरुदाचा आधारच सुटतो.

पुढील काळात मात्र ही जोडी विसकटत गेली. शरच्चंद्र दास १८७९ मध्ये अभ्यासक म्हणून ताशिल्हुन्पोच्या मठात गेले. १८८१ मध्ये पुन्हा निघून १८८२ मध्ये ल्हासापर्यंत पोहोचले. त्यांची ज्ञानलालसा खरी होती. परंतु तिच्याआड ब्रिटिश सरकारसाठी माहिती गोळा करण्याचे कामही चालू होते. त्यांना आश्रय देणाऱ्या सेंगछेन लामांना १८८७ मध्ये नदीत बुडवून देहदंड देण्यात आला. दासांचा कोश १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर बंगाल सरकारच्या आदेशाचा आणि दोन युरोपीय संपादकांचा निर्देश आहे. शिष्यत्व हे जेव्हा वेषांतर होते, तेव्हा त्याची किंमत शिष्य नव्हे, यजमान मोजतो. येथे हा ‘परदेशी’ विद्यार्थी भारतीय होता, याचा आपण विसर पडू देता कामा नये.

विसाव्या शतकात दिशा उलटली. राहुल सांकृत्यायन १९२९ पासून चार वेळा तिबेटात गेले आणि भारतात नष्ट झालेल्या संस्कृत पोथ्यांचा त्यांनी तेथील मठांत शोध घेतला. त्यांच्या १९३४च्या यात्रेतील सहकारी गेन्दुन छोम्फेल पुढे भारतात आले. या तिबेटी विद्वानाने येथे परदेशी विद्यार्थी म्हणून संस्कृतचे अध्ययन केले, ‘शाकुंतल’ तिबेटीत नेले, आणि जॉर्ज रोरिख यांच्याबरोबर तिबेटी इतिहासग्रंथ ‘देबथेर ङोन्पो’च्या इंग्रजी भाषांतरावर काम केले. ते भाषांतर १९४९ आणि १९५३ मध्ये कलकत्त्यात दोन भागांत प्रसिद्ध झाले. त्यावर भाषांतरकार म्हणून नाव एकट्या रोरिखांचे. गेन्दुन छोम्फेल प्रस्तावनेतील आभारात आहेत. १८३४ मध्ये शीर्षकपृष्ठावर असलेला तिबेटी विद्वान शंभराहून अधिक वर्षांनी प्रस्तावनेत ढकलला गेला. ज्ञानव्यवहाराची प्रगती सरळ रेषेत होते, या समजाला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

या इतिहासाशी मराठी अभ्यासकाचा संबंध दूरचा नाही. पुण्याचे वा. वि. गोखले यांनी चिनी आणि तिबेटी पाठांच्या आधारे ‘अक्षरशतका’चा केलेला अभ्यास १९३० मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या मूळ संस्कृत कारिका त्यांनी १९४६ मध्ये संपादित केल्या, त्या राहुलजींनी तिबेटात मिळविलेल्या पोथीवरून. आपलाच ग्रंथ आपल्याला परक्या मठाने जपून परत द्यावा आणि तो वाचण्यासाठी लागणारी भाषा आणखी तिसऱ्या देशात पक्की व्हावी, असा हा प्रवास आहे. अशा ग्रंथाचा ‘स्वामी’ कोण, हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो; तो कोणाकोणाच्या हातांतून आला, हाच प्रश्न उरतो.

म्हणून तिबेटविद्येच्या इतिहासाचा विचार विद्वानांच्या चरित्रांवरून नव्हे, अध्ययनसंबंधांवरून करावयास हवा. चोमा ल्हासाच्या वाटेवर असताना ११ एप्रिल १८४२ रोजी दार्जिलिंग येथे वारले. त्यांच्या समाधीपाशी अभ्यासक आजही जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक त्यांनी स्वतःच छापून ठेवले आहे : दोन नावांचे ते पृष्ठ. ते पूर्ण वाचण्याचे काम तेवढे आपण अजून केलेले नाही.