कौशल्याला प्रवेश, माणसाला प्रतीक्षा : अमेरिकेचा स्थलांतर कायदा आणि भारतीय व्यावसायिक (१९१७ ते २०२५)

प्रस्तावना

इ. स. १८८३ च्या जून महिन्यात आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता. किंबहुना हिंदी प्रवाशाकडे तो मागण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. चिनी मजुरांना मज्जाव करणारा कायदा आदल्याच वर्षी संमत झाला होता. परंतु हिंदुस्थानातून येणाऱ्यास अडविणारे कलम अद्याप लिहिले गेले नव्हते. १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन त्या स्वदेशी परतल्या. आज पुण्याच्या एखाद्या अभियंत्यास अमेरिकेत नोकरीसाठी जावयाचे असल्यास कंपनीचा अर्ज, सोडत, वकिलातीतील मुलाखत आणि पुढे कायम वास्तव्यासाठी अनेक वर्षांची प्रतीक्षा असा मार्ग क्रमावा लागतो. या दोन प्रवासांमधील काळात अमेरिकेने परकीय कौशल्याविषयी कोणते धोरण स्वीकारले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. अमेरिकन कायद्याने भारतीयाचे कौशल्य आणि ते धारण करणारा माणूस यांचा विचार प्रथमपासून वेगवेगळा केला, आणि आजच्या प्रतीक्षायादीचे मूळ या विभागणीत आहे, असे या विवेचनाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बंदी आणि तिच्यातील अपवाद

विसाव्या शतकाच्या प्रारंभी पॅसिफिक किनाऱ्यावर लाकूडगिरण्यांत आणि शेतांवर काम करणारे पंजाबी मजूर स्थानिक कामगारांच्या रोषाचे लक्ष्य झाले. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथून हिंदी मजुरांना जमावाने हुसकावून लावले. या वातावरणातून १९१७ चा स्थलांतर कायदा जन्माला आला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने तो संमत केला आणि आशियाचा मोठा भूभाग ‘निषिद्ध क्षेत्र’ ठरविला. हिंदुस्थान त्यात समाविष्ट होता.

या कायद्यातील अपवादांची यादी मात्र अभ्यासनीय आहे. वकील, वैद्य, रसायनतज्ज्ञ, स्थापत्य अभियंते, शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथकार, कलावंत, व्यापारी आणि केवळ जिज्ञासेने वा मौजेखातर येणारे प्रवासी यांना निषिद्ध क्षेत्राची बंदी लागू नव्हती. म्हणजे ज्या कायद्याने हिंदी मजुरास दार बंद केले, त्यानेच हिंदी विद्वानासाठी ते किलकिले ठेवले. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली; डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. ही उदाहरणे बंदीपूर्वीची असली, तरी शिकून मायदेशी परतणारा हिंदी विद्यार्थी अमेरिकेस परिचित होता, हे त्यांवरून दिसते. अशा पाहुण्याबद्दल तक्रार नव्हती. प्रश्न होता तो राहू इच्छिणाऱ्याचा.

त्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात दिले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सेवा केलेले थिंड हे सर्वसामान्य समजुतीनुसार ‘गौरवर्णीय’ ठरत नाहीत, म्हणून ते नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निर्णय झाला. त्यानंतर पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी व्यक्तींविरुद्धही कारवाया सुरू झाल्या. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते. त्यांचे नागरिकत्व काढून घेण्याचा सरकारचा प्रयत्न १९२६ मध्ये अपील न्यायालयात फसला. बहुतेकांच्या वाट्याला हे यश आले नाही. १९२४ च्या कायद्याने तर नागरिकत्वास अपात्र असणाऱ्यांना स्थलांतराचा मार्गच बंद केला; विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासाठी मात्र सवलत उरली. १९२० मध्ये विद्यार्थी म्हणून आलेल्या दलीपसिंग सौंद यांनी बर्कली येथे गणितात डॉक्टरेट मिळविली, परंतु त्यांना उपजीविकेसाठी शेतीकडे वळावे लागले.

शंभर जागांचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर, २ जुलै १९४६ रोजी ल्यूस-सेलर कायदा अमलात आला. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला अवघ्या १०० जागांचा कोटा ठरला. सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले.

१९५२ चा मॅकॅरन-वॉल्टर कायदा या इतिहासातील कळीचा टप्पा होय. त्याने प्रत्येक देशाच्या कोट्यातील निम्म्या जागा उच्च कौशल्यधारकांसाठी राखल्या. भारताच्या बाबतीत हा आकडा ५० च्या आसपास होता. याच कायद्याने असाधारण गुणवत्तेच्या परकीयांसाठी ‘एच-१’ हा तात्पुरता वर्ग निर्माण केला. कायम वास्तव्य आणि तात्पुरते काम असे दोन मार्ग कुशल व्यक्तीपुढे एकाच कायद्याने ठेवले. पैकी पहिल्यावर राष्ट्रनिहाय मर्यादा होती, दुसऱ्यावर नव्हती. पुढील सत्तर वर्षांच्या गुंतागुंतीचे बीज येथे पडले.

१९६५ : समान संख्येचे तत्त्व

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. वंशाधारित कोटा रद्द झाला. पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशास वर्षाला २०,००० ची समान कमाल मर्यादा देण्यात आली आणि व्यावसायिकांसाठी स्वतंत्र प्राधान्यश्रेणी ठरली. त्याच वर्षी वृद्धांसाठी व गरिबांसाठी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना सुरू झाल्याने डॉक्टरांची मागणी वाढली. भारतातील शासकीय वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पदवीधर या दारातून मोठ्या संख्येने गेले. नागरिकत्व मिळाल्यावर त्यांनी भावंडांना बोलावले, आणि कौशल्याने उघडलेल्या दारातून कुटुंबेही आली. १९८० च्या जनगणनेत प्रथमच स्वतंत्रपणे नोंदविल्या गेलेल्या भारतीयांची संख्या सुमारे ३ लाख ८७ हजार होती. मराठी मंडळे याच पिढीने स्थापिली. १९८१ मध्ये त्यांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले.

या पिढीस कायम वास्तव्याचा हक्क तुलनेने लवकर मिळाला, कारण तेव्हा २०,००० ही मर्यादा भारतासाठी पुरेशी होती. तथापि समान संख्येचे तत्त्व लहान आणि प्रचंड देशांस एकाच मापाने मोजत होते. मागणी वाढताच त्यातील विषमता उघड होणार होती.

१९९० : दोन निरनिराळी गणिते

१९९० च्या कायद्याने आजची चौकट घडविली. पदवी आवश्यक असणाऱ्या व्यवसायांसाठी ‘एच-१बी’ हा वर्ग निर्माण झाला. त्यास वर्षाला ६५,००० ची मर्यादा आणि सहा वर्षांची कमाल मुदत होती. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या १,४०,००० ठरली, आणि तीत जोडीदार व मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. येथे नागरिकत्व नव्हे, तर जन्मस्थान विचारात घेतले जाते.

यानंतर मागणीचा पूर आला. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्याने पदवीधरांची संख्या झपाट्याने वाढली होती. सन २००० च्या संगणकीय तारखांच्या प्रश्नाने प्रोग्रामरांची निकड निर्माण केली. अमेरिकेने एच-१बी ची मर्यादा १९९९ साठी १,१५,००० आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० केली. २००४ मध्ये ती पुन्हा ६५,००० वर आली. अमेरिकन विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठी २०,००० जागांची भर पडली. एप्रिल २००७ मध्ये अर्ज इतके आले, की निवडीसाठी सोडत काढावी लागली. अलीकडच्या वर्षांत मंजूर अर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्यांचे आहेत.

एच-१बी वर देशनिहाय मर्यादा नाही, ग्रीन कार्डावर आहे. ज्या दारातून भारतीय हजारोंनी आत आले, त्याच्या पुढचे दार त्यांच्यासाठी अरुंद राहिले. २००० च्या कायद्याने ग्रीन कार्डाच्या रांगेत असणाऱ्यांना सहा वर्षांनंतरही मुदतवाढ दिली. हा दिलासा खरा होता. परंतु त्यामुळे ‘तात्पुरता’ हा शब्द वीस-वीस वर्षे टिकू लागला. घर आणि शाळा अमेरिकेत, तर वास्तव्याचा आधार मालकाच्या अर्जावर, अशी ही अवस्था आहे. २०१७ पासून नोकरी सुटल्यास जास्तीत जास्त ६० दिवसांचा अवधी मिळू लागला. रांगेत असताना मूल २१ वर्षांचे झाल्यास बहुधा ते पालकांच्या अर्जातून गळते. पत्नी वा पती उच्चशिक्षित असूनही दीर्घकाळ नोकरी करू शकत नसे. २०१५ च्या नियमाने ग्रीन कार्डाच्या विशिष्ट टप्प्यावरील अर्जदारांच्या जोडीदारांनाच ती मुभा मिळाली.

कुटुंबाची जोडणी मग पाहुण्याच्या व्हिसावर होऊ लागली. मुलीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आई-सासूंना बी-२ व्हिसावर सामान्यतः सहा महिने राहता येते. मुंबईत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊससमोर, आणि २०११ नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील नव्या वकिलातीपाशी, अशा पालकांच्या रांगा नित्याच्या झाल्या.

देशनिहाय मर्यादा हटविण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळा मसुदा स्वीकारला. दोहोंचा मेळ न बसल्याने त्याचा कायदा झाला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लादले, आणि त्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले.

निष्कर्ष

१९१७ च्या अपवादयादीपासून १९९० च्या चौकटीपर्यंत एक सातत्य दिसते. अमेरिकेने कुशल भारतीयाची उपयुक्तता क्वचितच नाकारली. वेळोवेळी संकोच केला तो त्याच्या सदस्यत्वाबाबत. प्रारंभी हा संकोच उघड वंशभेदातून आला. १९६५ नंतर मात्र तो समतेसाठी योजिलेल्या नियमातून, विषम लोकसंख्येवर समान मर्यादा लावल्याने, परिणामरूपाने उद्भवला. हा फरक महत्त्वाचा आहे आणि दोहोंना एकच दोष लावणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु रांगेतील कुटुंबाच्या दृष्टीने फलित सारखेच राहते : कौशल्याची पारख शिक्षणावर आणि अनुभवावर होते, तर वास्तव्याचा हक्क अखेर जन्मस्थानावर अवलंबून राहतो. म्हणून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने व्हिसाचा प्रकार निवडताना कामाची परवानगी आणि कायम वास्तव्याची शक्यता हे दोन स्वतंत्र प्रश्न मानले पाहिजेत. शंभर वर्षांचा कायदा त्यांना स्वतंत्रच मानत आला आहे.