फिदेलियो (ड्रेस्डेन, १९८९)

लुडविग फान बीथोव्हेन यांच्या 'फिदेलियो' या एकमेव ऑपेराचा हा प्रयोग क्रिस्टिने मीलित्स यांनी दिग्दर्शित केला. तो पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या झेम्परओपर या नाट्यगृहात ७ ऑक्टोबर १९८९ रोजी प्रथम सादर झाला. जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाच्या स्थापनेला त्याच दिवशी ४० वर्षे पूर्ण झाली होती.

मूळ कृती

ऑपेराचे कथानक स्पेनमधील सेव्हिलजवळच्या तुरुंगात घडते. तुरुंगाचा प्रमुख पित्सारो याने सूडबुद्धीने फ्लोरेस्तानला तळघरात डांबलेले असते. त्याची पत्नी लिओनोरे पुरुषवेशात, फिदेलियो हे नाव घेऊन, तिथे नोकरी धरते आणि अखेरीस त्याचे प्राण वाचवते. व्हिएन्नाच्या सेन्सॉरने १८०५ मध्ये या कृतीला सुरुवातीस परवानगी नाकारली होती. आज प्रचलित असलेली आवृत्ती १८१४ ची आहे.

पार्श्वभूमी

प्रागमधील पश्चिम जर्मन दूतावासात आश्रय घेतलेल्या पूर्व जर्मन नागरिकांना पश्चिमेकडे नेणाऱ्या रेल्वेगाड्या त्या आठवड्यात ड्रेस्डेनमार्गे गेल्या. ४ ऑक्टोबरच्या रात्री मुख्य स्थानकावर हजारो लोक जमले व पोलिसांशी त्यांची चकमक झाली. त्यानंतरही शहरात निदर्शने चालूच राहिली.

सादरीकरण

मीलित्स यांनी स्पेनऐवजी काटेरी तारांचा आधुनिक तुरुंग रंगमंचावर उभा केला. प्रेक्षकांना त्याची ओळख पटवून देण्याची गरज नव्हती. संहितेत मात्र बदलण्याजोगे फारसे काही नव्हतेच. पहिल्या अंकाच्या शेवटी कैद्यांना क्षणभर उजेडात सोडले जाते, तेव्हा त्यांच्यापैकीच एक जण इतरांना हळू बोलण्याचा इशारा देतो, कारण त्यांच्यावर कान आणि डोळे रोखलेले असतात. गुप्त पोलिसांच्या पाळतीखाली जगणाऱ्या समाजात हे शब्द १८० वर्षे जुने वाटणे शक्य नव्हते. शिवाय बीथोव्हेन हे राजवटीने स्वतःच गौरविलेल्या सांस्कृतिक वारशाचा भाग असल्याने त्यांच्या कृतीला उघडपणे हरकत घेणेही अवघड होते. कैद्यांच्या समूहगानाला प्रेक्षकांनी दीर्घकाळ टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी, ८ ऑक्टोबरला, प्रागर श्ट्रासे या रस्त्यावर पोलिसांनी वेढलेल्या निदर्शकांमधून 'वीस जणांचा गट' निवडला गेला. ९ ऑक्टोबरला महापौर वोल्फगांग बेर्गहोफर यांनी या गटाशी चर्चा केली. बर्लिनची भिंत बरोबर एका महिन्याने, ९ नोव्हेंबरला, खुली झाली. जर्मनीच्या एकीकरणानंतरही हे सादरीकरण झेम्परओपरच्या कार्यक्रमात राहिले.