नाइटिंगेल विद्यालय आणि परिचारिकेच्या आत्मनिगेचा प्रश्न

रुग्णसेवेचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी स्वतःच्या प्रकृतीची निगा कशी राखते, हा केवळ वैयक्तिक स्वभावाचा प्रश्न नव्हे. शिक्षणसंस्थेची शिस्त व तिने दिलेली सवड यांवर या सवयी पुष्कळ अंशी अवलंबून असतात. आधुनिक परिचर्या-शिक्षणाच्या आरंभकाळात याचे प्रत्यंतर येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील परिचारिकांची स्थिती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नमूद करून ठेवली आहे. काही ठिकाणी वॉर्डांच्या दारांबाहेर, जिन्यालगत, लाकडी पिंजऱ्यांसारख्या जागेत त्यांना निजावे लागे. रात्रपाळी केलेल्या परिचारिकेस दिवसाच्या गलबल्यात तेथे झोप लागणे अशक्यच होते. अशा स्थितीत तिला आरोग्याचा उपदेश करणे व्यर्थ होय.

नाइटिंगेल निधीतून १८६० साली सेंट टॉमस रुग्णालयात विद्यालय निघाले, तेव्हा हा दोष निवाऱ्यापासूनच दूर करण्यात आला. पहिल्या तुकडीतील १५ शिकाऊ परिचारिकांना निवास, भोजन, कपड्यांची धुलाई व वार्षिक १० पौंड देण्याची व्यवस्था झाली. प्रत्येकीस निजण्यासाठी स्वतंत्र खोली मिळाली. विश्रांती ही सवय होण्यापूर्वी तिला जागा लागते, हे येथे मान्य झाले.

परंतु या व्यवस्थेस एक मर्यादा होती. प्रत्येकीच्या वर्तनाच्या नोंदपत्रकात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, व्यक्तिगत नीटनेटकेपणा व स्वच्छता आणि वॉर्डाची व्यवस्था ही शीर्षके होती. स्वच्छतेस गुण होते, थकवा ओळखण्यास नव्हते. स्वतःची निगा येथे रुग्णाप्रतीचे कर्तव्य म्हणून गणली गेली. स्वतःसाठी ती घ्यावयाची, हा विचार त्या पत्रकात आला नाही. शिवाय क्रिमियाहून परतल्यावर दीर्घकाळ रुग्णशय्येवरूनही अखंड काम करणाऱ्या नाइटिंगेल यांचाच आदर्श विद्यार्थिनींपुढे होता. तो आदर्श विश्रांतीस अनुकूल नव्हता.

हा प्रश्न पुढे सार्वजनिक झाला. १८९० पासून लॉर्ड्स सभेच्या समितीने लंडनच्या रुग्णालयांची चौकशी केली, तेव्हा परिचारिकांचे कामाचे तास, आहार व विश्रांती यांविषयी साक्षी झाल्या. नीतिपत्रकात न आलेली बाब अशा रीतीने व्यवस्थेच्या जबाबदारीत आली.

सारांश, ज्या सवयीची संस्था तपासणी करते ती विद्यार्थिनी जोपासते; जिच्यासाठी संस्था वेळ व जागा राखते तीच टिकते. केवळ उपदेशाने आत्मनिगा रुजत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.