जंगलजमीन धोरण : शहापूर–मुरबाड

ठाणे जिल्ह्यातील शहापूर (जुने कोळवण) व मुरबाड या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांतील पडीक व जंगलजमिनीविषयी ब्रिटिश काळापासून बदलत गेलेली शासकीय भूमिका. या भागात महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी व आगरी समाजांची वस्ती आहे.

लागवडीला उत्तेजन : ब्रिटिश अंमलाच्या सुरुवातीला जंगल म्हणजे वसूल न देणारी जमीन, असे सरकार मानी. पडीक जमीन नांगराखाली यावी म्हणून ती सवलतीच्या कौलाने दिली जाई. तुलनेसाठी पाहता, अमेरिकेतही पश्चिमेकडील जमीन मोजून विकण्याचा कायदा १७८५ मध्ये झाला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांपर्यंत जमीन देऊ केली. मूळ रहिवाशांच्या वहिवाटीला मालकीचे मोल दोन्हीकडे मिळाले नाही.

राखीव जंगले : थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि वाढत्या शहरांसाठी लाकडाची मागणी वाढली, तसे धोरण उलटले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगले ठरली. तोड, चराई व लागवडीवर बंधने आली.

राबाचा प्रश्न : या बंधनांचा घाव भातशेतीवर बसला. रोपासाठी ठरवलेल्या जागेवर झाडांचा टहाळ, शेण, गवत व पालापाचोळा पसरून पावसाळ्यापूर्वी भाजतात. यास राब म्हणतात. टहाळ तोडण्यास मज्जाव झाल्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी उठल्या. त्यांच्या चौकशीसाठी सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वनखात्याच्या लेखी राब ही झाडांची नासाडी होती, तर शेतकऱ्यांच्या मते त्याशिवाय रोप धरत नसे.

नंतरचा काळ : पुढे जंगलजमिनी वर्षाच्या कराराने कसण्यास दिल्या गेल्या. त्या ‘एकसाली प्लॉट’ म्हणून ओळखल्या जातात. १९७५ च्या राज्य कायद्याने खासगी वने शासनाकडे आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या जमिनीवर, कमाल ४ हेक्टरपर्यंत, हक्क मान्य केला. सरकारी मेहेरबानीवर चाललेल्या कसवणुकीला त्यामुळे प्रथमच देशव्यापी कायद्याचा आधार मिळाला.