स्पर्धेत हरलेलं नाटक

आंतरशालेय नाट्यस्पर्धेसाठी संहिता शोधायची म्हणजे शाळेत दोनच विषय निघतात, पर्यावरण नाहीतर मोबाइल. मीही तीन वर्षं बोलणारी झाडं आणि रडणाऱ्या नद्या बसवल्या. एका नदीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, त्याचा फोटो अजून शिक्षकखोलीत आहे. चौथ्या वर्षी मात्र नववीच्या मुलांसमोर जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ ठेवलं. त्यामागे समाजसुधारणेची काही थोर प्रेरणा वगैरे नव्हती. हे नाटक स्वतःच एका बक्षिसाच्या समितीपुढे हरलेलं आहे, याची मला गंमत वाटली होती.

पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. कंपनी सरकारने ती प्रथा आटोपशीर करून चालू ठेवली आणि पुढे सुधारकांच्या मागणीवरून त्या निधीतला काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी ठेवला. म्हणजे दक्षिणेच्या पैशातून बक्षीस देणाऱ्या समितीकडे फुल्यांनी १८५५ साली नाटक पाठवलं, तेही दक्षिणा उकळणाऱ्या जोश्यावर! ते नापसंत झालं. समितीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियनांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त नमूद केलं आहे. अठरा वर्षांनंतरही ती बोच गेलेली नव्हती. नाटक छापून आलं ते थेट १९७९ साली.

काळ लक्षात घ्यायला हवा. सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ १८४३चं. त्या खेळांत पदं सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी भाषणं वेळेवर सुचतील तशी करायची. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१चं. या दोहोंच्या मध्ये फुले कुणबी, त्याची गरोदर बायको आणि दारात आलेला जोशी यांचं गद्य संवादांतलं नाटक लिहितात. पौराणिक खेळातला विदूषक ते उचलतात, पण त्याला वेगळ्याच कामाला लावतात. तो बाजूला उभा राहून, समोर काय चाललंय आणि ते का चाललंय, हे सांगत राहतो.

पहिल्या वाचनाला सव्वा तास लागला. स्पर्धेची वेळ होती ३५ मिनिटं, नेपथ्य लावून काढण्यासकट. कुणबिणीची भाषा मुलांना अवघड जाईल अशी माझी समजूत होती, पण ती त्यांनी दोन दिवसांत तोंडात बसवली. अडलं ते जोश्यापाशी. ते काम करणारी मुलगी सिनेमातल्या खलनायकासारखी गुरगुरायची. मी म्हटलं, ‘अगं, अशा माणसाला कोणी उंबऱ्याआत घेईल का? कर्ज हवंय का म्हणून फोन करणाऱ्या ताई असतात ना, तशी बोल.’ दुसऱ्या दिवशी ती इतक्या मायेने ग्रहांची भीती घालू लागली की तालमीत शांतता पसरली. ब्राह्मणभोजनासाठी कुणबी कर्जात कसा उतरतो, हे मग समजावून सांगावं लागलं नाही.

आता पाद्र्याचं. नाटकात एक पाद्री येतो, कुणब्याशी वाद घालतो, त्याला शिक्षणाचं महत्त्व पटवतो. ते सगळं पात्रच मी कापलं. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं वेळेचं. खरं कारण भीती. पालकसभेत कोणीतरी उठून धर्मांतराचा प्रश्न काढेल, आणि मला ते नको होतं. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या पुण्यात ब्राह्मणेतराला मिळणाऱ्या शिक्षणाचा एक रस्ता मिशनमधून जात होता. पाद्री काढणं म्हणजे तो रस्ता नकाशावरून पुसणं, हे मला माहीत होतं.

कापलेल्या संहितेच्या पहिल्याच तालमीत कुणबीण झालेल्या मुलीने विचारलं, ‘सर, पण मग ही दोघं एकदम शाळेत का जायला लागतात?’ मी पाद्र्याचे चार मुद्दे विदूषकाला देऊन टाकले. प्रसंग जुळला. पण मूळ नाटकात विदूषक प्रेक्षकांशी बोलतो, कुणब्याशी नाही. आमच्याकडे तो मध्येच कुणब्याच्या कानाशी लागला, आणि तो सांधा मला प्रत्येक तालमीत दिसत राहिला.

आम्हाला अभिनयाचं एक बक्षीस मिळालं, जोश्याला. सांघिक काही नाही. परीक्षकांचं म्हणणं पडलं की विषय उत्तम, पण शेवट प्रचारकी आहे. शेवटी नवरा-बायको जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतात. मला तिथेच भांडावंसं वाटलं. १८५५ साली ती रात्रशाळा चालू होती. नाटकाचा तेव्हा पुण्यात प्रयोग झाला असता, तर खेळ संपल्यावर एखाद्या प्रेक्षकाला पत्ता विचारून खरंच तिथे जाता आलं असतं. ज्याला परीक्षक प्रचार म्हणत होते ती लेखकाच्या लेखी गावातली बातमी होती. पण ज्याने त्या शेवटाचं कारणच कापून टाकलं होतं, त्याने कोणत्या तोंडाने भांडायचं?

डिसेंबरात मुख्याध्यापकांनी बोलावलं. स्नेहसंमेलनात हेच नाटक करा म्हणाले. ‘फक्त त्यात कोणी पाद्री आहे म्हणे, तेवढं बघा.’

‘तो आधीच काढलाय सर.’

‘मग काही प्रश्न नाही.’

बाहेर जिन्यावर कुणबीण आणि जोशी उभ्याच होत्या. स्नेहसंमेलनाला वेळेची मर्यादा नसते ना, असं दोघींनी विचारलं. संध्याकाळी कपाटातून मूळ प्रत काढली आणि पेन्सिलीने फुल्या मारलेली पानं खोडरबर घेऊन एकेक साफ करत बसलो. पाद्र्याच्या कामासाठी दहावीतला एक मुलगा डोक्यात आहे. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.