उंबरठ्याच्या आतली आबाळ: भिवंडीतील गृहभेटींचा इतिहास

भिवंडीच्या घरांत सरकारी आरोग्यसेवा शिरली ती रोग शोधण्यासाठी. घरातली माणसे म्हाताऱ्यांशी कशी वागतात, ही चौकशी तिच्या कामात कधी धरली गेली नाही. 1897 मध्ये प्लेगच्या साथीत मुंबई इलाख्यात साथरोग कायदा आला, घरझडत्यांची दहशत बसली आणि पुण्यातला संताप तिथला प्लेग अधिकारी रँड याच्या वधापर्यंत गेला. 1958 नंतर हिवताप निर्मूलनाचे कर्मचारी खेड्यापाड्यांतून दर पंधरवड्याला दारी येऊन तापाच्या रुग्णाची विचारपूस करीत, रक्ताचा नमुना घेत आणि भेटीची तारीख भिंतीवर लिहून जात. पुढे पोलिओच्या लसीसाठी, 2011 पासून नवजात बाळासाठी आणि 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तापमान व प्राणवायूची पातळी मोजण्यासाठी हीच दारे उघडली गेली.

वृद्धांच्या छळाकडे वैद्यकाचे लक्ष गेले तेच उशिरा. 1975 मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत आज्यांना होणाऱ्या मारहाणीविषयी पहिले उल्लेख आले. तक्रारीची वाट न पाहता डॉक्टरने ठरावीक प्रश्नांतून छळाचा संशय पडताळून पाहणे, म्हणजेच चाचपणी, ही पद्धत त्यानंतर आकाराला आली. कॅनडातील माँट्रियल येथे तयार झालेली आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेली सहा प्रश्नांची सूची त्यांपैकी विशेष परिचित आहे. तिच्यातले पाच प्रश्न वृद्धाला विचारायचे असतात: रोजच्या कामांसाठी कोणावर अवलंबून राहावे लागते का, जेवण, औषध किंवा चष्मा कोणी अडवून ठेवतो का, कोणी लाज वाटेल किंवा धाक बसेल असे बोलते का, कागदावर सही करण्याची जबरदस्ती होते का, कोणी भीती घालते वा इजा करते का. सहावा प्रश्न डॉक्टरने स्वतःला विचारायचा असतो, कारण नजर टाळणे, खंगलेपण, जखमा आणि कपड्यांची अस्वच्छता ही चिन्हे बोलण्याविनाही दिसतात. सूची स्मृती शाबूत असलेल्यांसाठीच तपासली गेली, ही तिची मर्यादा येथेच नोंदवलेली बरी.

ही पद्धत भिवंडीत जशीच्या तशी उतरणे कठीण आहे. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, पद्मनगरात वसलेले तेलुगू पद्मशाली, आणि 1982 च्या गिरणी संपानंतर यंत्रमागांकडे वळलेला मुंबईचा कापडधंदा यांतून हे दाट वस्तीचे गाव वाढले. एका खोलीत सारे कुटुंब राहत असेल तर वृद्धाशी एकांतात बोलायचे कोठे? शिवाय मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या विणकराला ऐकू कमी येत असेल, तर दबक्या आवाजात विचारायचा प्रश्न मोठ्याने विचारावा लागतो आणि तो सुनेला, मुलाला, शेजाऱ्यालाही ऐकू जातो. अशा घरात पाच प्रश्नांपेक्षा सहावाच अधिक भरवशाचा ठरेल.

कायद्याची वाट मात्र जवळूनच गेली आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईवडिलांना पोटगीचा हक्क दिला, आणि एका पित्याने शेजारच्या कल्याणमधील आपल्या डॉक्टर मुलीविरुद्ध केलेल्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये विवाहित मुलीवरही ही जबाबदारी असल्याचा निर्णय दिला. 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा महाराष्ट्रात 1 मार्च 2009 पासून लागू झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, कलम 23 अन्वये परत मिळू शकते; काल्हेर, पूर्णा, राहनाळ या परिसरातल्या शेतजमिनींवर गोदामे उभी राहून त्यांचे मोल वाढले असता या कलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण हाच कायदा रुग्णालयांना खाटा आणि स्वतंत्र रांगा ठेवण्यास सांगतो. छळाचा संशय आलेल्या डॉक्टरने तो कळवलाच पाहिजे, असे बंधन त्यात नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाबाबत असे बंधन 2012 च्या पोक्सो कायद्याने घातले आहे.

‘आशा’ स्वयंसेविका आज घरोघर जे तपासणीपत्रक भरतात, त्यात साठीपुढच्या माणसाला तोल जातो का, रोजच्या कामांत मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरतात का, हे विचारले जाते. मदत करणारा ती कशी करतो, हे विचारणारा रकाना त्या पत्रकात नाही.